स्पेक्ट्रमचा नवा गेम तपासायला घेताय? लोडपासून बग रिपोर्टपर्यंतचा क्रम

"मस्त झालाय गेम! फक्त तिसऱ्या खोलीत कधीकधी अडकतो, तेवढं बघ."

होमब्रू गेम, म्हणजे जुन्या संगणकासाठी हौसेने घरी बनवलेला नवा गेम, करणाऱ्याला असे निरोप सारखे येतात. कुठल्या मशीनवर अडकतो? तिसरी खोली म्हणजे नकाशातली तिसरी की त्या दिवशी फिरताना लागलेली तिसरी? हिरो अडकतो की अख्खं मशीन? काहीच कळत नाही. तो बिचारा दोन रात्री त्या खोलीत फेऱ्या मारतो आणि मग कळतं की टेस्टरने मागच्या आठवड्याची फाइल चालवली होती. असा टेस्टर मीही होतो, म्हणून अधिकाराने सांगतो.

खालचा क्रम झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकासाठी आहे. कमोडोर ६४ किंवा एमएसएक्सचा गेम असेल तर आकडे आणि पोर्ट (उपकरणं वाचायचे क्रमांक) बदलतील, पायऱ्यांचा क्रम तोच राहील. तो मोडू नका. बहुतेक घोळ पायरी गाळल्यामुळे होतात.

## टप्पा १: फाइल उघडण्याआधी पाच प्रश्न

गेम करणारा बहुधा एकटाच असतो आणि नोकरी सांभाळून रात्री बसतो. त्याला आधी एवढं विचारून घ्या:

- गेम ४८केसाठी आहे, १२८केसाठी आहे (मशीनची मेमरी, किलोबाइटमध्ये), की दोन्हींसाठी?
- कुठल्या जॉयस्टिक चालायला हव्यात?
- मेमरी किती उरली आहे?
- कुठले बग त्याला आधीच माहीत आहेत?
- पडद्याचे फोटो किंवा व्हिडिओ बाहेर दाखवले तर चालेल का?

तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. ४८के मशीनची एकूण रॅम ४९,१५२ बाइट, त्यातले ६,९१२ पडद्यालाच जातात. उरलेल्यात कोड, चित्रं, नकाशे, आवाज सगळं बसवायचं असतं. ज्याच्याकडे दोनशे बाइट उरलेत त्याला "अजून पाच लेव्हल टाक" सांगणं म्हणजे भरलेल्या एसटीत पाहुणे चढवणं. त्याच माणसाला "हा संदेश दोन शब्दांत बसेल" हे सांगितलंत तर तो दुवा देईल.

सावधान: परवानगी नसताना चाचणीतली फाइल कुणालाही पाठवू नका, अगदी "फक्त बघायला" मागणाऱ्या मित्रालासुद्धा. अर्धवट बिल्ड (गेमची त्या वेळची आवृत्ती) एकदा बाहेर गेलं की वर्षानुवर्षं तेच फिरत राहतं.

## टप्पा २: एम्युलेटर मुद्दाम गैरसोयीचा करा

एम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम, हाती येतो तेव्हा खेळणाऱ्याच्या सोयीने लावलेला असतो. टेस्टरला त्यातल्या बऱ्याच सोयी नकोत. मी फ्यूज वापरतो, त्यामुळे नावं त्यातली देतो. दुसऱ्या एम्युलेटरमध्येही याच अर्थाच्या खुणा सापडतील.

1. मशीन ४८के निवडा.
2. टेप ट्रॅप्स, फास्टलोड आणि लोडर वेगवान करणारा पर्याय, तिन्ही बंद करा.
3. केम्पस्टन जॉयस्टिकची खूण काढा. का, ते टप्पा ५ मध्ये.
4. इंटरफेस १, डिव्हआयडीई वगैरे बाहेरून लावायच्या जोडण्या काढा.
5. वेग शंभर टक्के ठेवा.

आता पडद्याबद्दल. स्पेक्ट्रम सेकंदाला साधारण ५० चित्रं दाखवतो, तुमचा लॅपटॉप बहुधा ६०. त्यामुळे सेकंदातली दहाएक चित्रं दोनदा दिसतात आणि सरकणारं दृश्य ठराविक अंतराने किंचित अडखळतं. तो गेमचा दोष नाही. "स्क्रोलिंग झटके खातंय" असं लिहिण्याआधी मॉनिटर ५० हर्ट्झवर लावून बघा. ते जमत नसेल तर सुरळीत सरकणारा दुसरा एखादा जुना गेम त्याच पडद्यावर चालवा. तोही झटके खात असेल तर तक्रार मॉनिटरची आहे.

प्रत्येक बिल्डसाठी वेगळा फोल्डर करा. फाइलचं नाव बदलू नका, तिचा आकार बाइटमध्ये लिहून ठेवा. माझी जुनी फाइल चालवण्याची चूक इथेच झाली होती: दोन बिल्डची नावं सारखी होती आणि दुसरं डाउनलोड झाल्यावर संगणकाने त्याच्या नावामागे गुपचूप १ लावला.

## टप्पा ३: लोड चार वाटांनी करून बघा

स्नॅपशॉट म्हणजे एसएनए किंवा झेड८० फाइल उघडून थेट खेळायला लागणं ही टेस्टरची सगळ्यात मोठी चूक. स्नॅपशॉट हा चालू मशीनचा फोटो असतो. त्यात मेमरी आधीच नीट भरलेली असते, त्यामुळे लोडर चुकला असेल किंवा एखादी जागा शून्य करायची राहिली असेल तर काहीच कळत नाही. सुरुवात नेहमी टॅप किंवा टीझेडएक्स, म्हणजे टेपची नक्कल असलेल्या, फाइलने करा.

वाट पहिली. रीसेट केलेल्या ४८केवर टेपवरून पूर्ण वेळ लोड. ४० किलोबाइटच्या गेमला साडेतीन-चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ पडद्याकडे बघत बसा. लोडिंगचं चित्र नीट उमटतं का, मध्येच कुठला संदेश त्याच्यावर छापला जातो का, चित्र आल्यावर पुढचे ब्लॉक वाचताना रंग विस्कटतात का, हे टिपा.

वाट दुसरी. दुसरा कुठला तरी गेम पाच मिनिटं खेळा, शक्य असेल तर रीसेट न करता त्यातून बेसिकमध्ये (मशीनच्या अंगच्या प्रोग्रामिंग भाषेत) बाहेर पडा आणि मग हा लोड करा. स्पेक्ट्रमचा रॉम सुरू होताना रॅम तपासून शून्य करतो. नवा गेम नकळत त्या शून्यांवर विसंबून असेल तर इथे उघडा पडतो: स्कोअर ३७ पासून सुरू होतो, नाहीतर पहिल्याच खोलीत भलताच शत्रू उभा असतो.

वाट तिसरी. १२८केच्या मेनूतून टेप लोडर निवडून. ४८केवर २३२९६ ते २३५५१ ही जागा प्रिंटरच्या बफरची, त्यामुळे तिथे काहीबाही ठेवायची प्रोग्रामरना सवय असते. १२८केच्या बेसिकमध्ये तिथेच सिस्टिमचा कोड बसलेला असतो. गेम तिथे लिहून पुन्हा बेसिककडे परतला की मशीन जातं.

वाट चौथी. १२८केवर आधी ४८ बेसिक निवडायचं आणि मग लोड करायचा. ही वाट फार थोडे लोक तपासतात, पण खेळणारे सर्रास वापरतात. ४८ बेसिक निवडलं की मेमरीच्या बँका (आलटून पालटून वापरायचे तुकडे) बदलायची सोय बंद होते, पण एवाय ध्वनिचिप मात्र जागीच असते. "चिप सापडली म्हणजे जास्तीची मेमरीही असणार" असा हिशेब गेमने केला असेल तर पहिल्या बँकबदलालाच तो आपटतो.

जोडीला एक अवांतर तपासणी: इंटरफेस १ जोडून जागा केला की बेसिक प्रोग्रामची सुरुवात २३७५५ वरून २३८१३ वर सरकते. लोडरमधला मशीन कोड रेम ओळीत (बेसिकमधल्या टिपणाच्या ओळीत) ठेवलेला असेल आणि पत्ता ठोकून लिहिलेला असेल तर तो कोड आता तिथे नसतो.

तपासा: चारही वाटांनी मेनू दिसला का? एका वाटेनेही नाही दिसला, तर पुढे खेळत बसू नका. तेवढंच लगेच कळवा. लोड न होणाऱ्या गेममधल्या स्प्राइटचा (हलणाऱ्या चित्राचा) रंग कुणाला नको असतो.

## टप्पा ४: पहिला डाव, रेकॉर्डिंग चालू ठेवून

मेनू दिसला की काही दाबायच्या आत आरझेडएक्स रेकॉर्डिंग सुरू करा. ही फाइल व्हिडिओ नसते. तिच्यात सुरुवातीचा स्नॅपशॉट आणि त्यानंतर मशीनने प्रत्येक फ्रेममध्ये (पडद्याच्या एकेका चित्रात) वाचलेलं इनपुट असतं. त्यामुळे गेम करणारा ती आपल्याकडे चालवून तुमचा डाव जसाच्या तसा बघू शकतो आणि बगच्या क्षणी थांबवून मेमरीत डोकावू शकतो. हजार शब्दांच्या वर्णनापेक्षा ही फाइल त्याला प्यारी.

पहिला डाव सूचना वाचून, पण कुणाला काही न विचारता खेळा. अमर करणारे पोक (मेमरीतला आकडा हाताने बदलणं) वापरू नका. दार ओळखू आलं नाही, किल्ली पार्श्वभूमीत हरवली, उडी कुठवर जाते याचा अंदाज आला नाही, हे सगळं याच डावात कळतं. दुसऱ्या डावापासून तुम्हाला दार माहीत असतं आणि ते ज्ञान विसरता येत नाही. कागदपेन जवळ ठेवा आणि मेलात की एक ओळ लिहा: कुठे, कशाने, आणि चूक आपली वाटली की गेमची. शेवटचा रकाना महत्त्वाचा. त्यात "गेमची" जास्त वेळा आलं तर त्या खोलीत काहीतरी बिनसलंय, मग बग असो वा नसो.

## टप्पा ५: कळा आणि जॉयस्टिक

घरच्या संगणकाच्या कीबोर्डवर गेम चोख चालतो आणि खऱ्या स्पेक्ट्रमवर वेड्यासारखा वागतो, असं झालं की आधी इथे बघा.

भुताची कळ. स्पेक्ट्रमच्या ४० कळा तारांच्या जाळीवर बसवलेल्या आहेत. जाळीतल्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले की चौथा कोपराही दाबल्यासारखा वाचला जातो. ओ डावीकडे, पी उजवीकडे, स्पेस उडी, ही तर रोजची मांडणी. घाईत दिशा बदलताना ओ आणि पी क्षणभर एकत्र दाबले जातात, वर स्पेस दाबलेलाच असतो, आणि सिम्बॉल शिफ्ट कुणीही न दाबता दाबला जातो. गेममध्ये सिम्बॉल शिफ्टला "डाव सोडा" नेमलं असेल तर ऐन उडीत डाव खलास. अनेक एम्युलेटरमध्ये हा परिणामच नसतो. त्यामुळे मशीन नसेल तर कागदावर जाळी काढून बघा: खेळात वापरलेल्या कुठल्या तीन कळा चौकोनाचे तीन कोपरे होतात, आणि चौथ्यावर काय ठेवलंय.

नसलेला केम्पस्टन. केम्पस्टन जॉयस्टिक पोर्ट ३१ वर वाचतात. बेसिकमध्ये पहिल्या ओळीत प्रिंट इन ३१ आणि दुसरीत गो टू करून पहिलीकडे परत, एवढंच लिहून चालवा. इंटरफेस जोडलेला आणि काठी मोकळी असेल तर साधारणपणे शून्य येतं. इंटरफेस नसेल तर ४८केवर बऱ्याचदा २५५ येतं आणि मधूनच भलते आकडे, कारण त्या क्षणी यूएलए चिप पडद्यासाठी जो बाइट वाचत असते तोच हाती लागतो. पांढऱ्या कागदावर काळी शाई असेल तर रंगाचा बाइट असतो ५६. ५६ मध्ये, बिट शून्यापासून मोजले तर, तिसरा, चौथा आणि पाचवा बिट चालू असतात. केम्पस्टनच्या हिशेबात तिसरा म्हणजे वर आणि चौथा म्हणजे फायर. मग कुणी हात न लावता हिरो उड्या मारत गोळ्या झाडत सुटतो. एकदा मी हे "शत्रूची बुद्धी फार आक्रमक आहे" म्हणून कळवलं होतं. तो शत्रू नव्हताच, माझाच हिरो होता.

म्हणून हा टप्पा केम्पस्टन बंद ठेवून एकदा आणि चालू करून एकदा, असा दोनदा.

इश्यू २ आणि इश्यू ३. ४८केच्या या दोन आवृत्त्यांत कीबोर्डच्या पोर्टचा सहावा बिट वेगळा येऊ शकतो. गेमने खालचे पाच बिट वेगळे न काढता अख्ख्या आकड्याची तुलना केली असेल तर एका आवृत्तीवर कळाच लागत नाहीत. फ्यूजमध्ये इश्यू २ कीबोर्डची खूण आहे. ती लावून मेनू चालतो का बघा, दोन मिनिटांचं काम.

कळा बदलायची सोय. दोन कामांना एकच कळ द्या. एंटर द्या. कॅप्स शिफ्ट आणि स्पेस निवडा, कारण ते दोन्ही मिळून बेसिकचा ब्रेक होतो. नेमून झाल्यावर मेनूत परत जा आणि दुसरा डाव खेळा: नेमणूक टिकली का?

## टप्पा ६: आता मुद्दाम मोडा

नीट खेळणं झालं. आता वाह्यात मुलासारखं खेळा. ज्या गोष्टी एकाच फ्रेममध्ये घडायला नकोत त्या एकत्र घडवा: मरतानाच खोलीबाहेर पडा, शेवटची किल्ली उचलता उचलता शत्रूला भिडा, पॉझ करून दारात उभं राहा, कोपऱ्यातून तिरकी उडी मारा.

मग आकड्यांच्या कडा बघा. एका बाइटमध्ये २५५ च्या पुढे शून्य येतं, दोन बाइटमध्ये ६५,५३५ च्या पुढे. बोनस जीव मिळत राहिले तर काय होतं? स्कोअर खरंच तिथवर पोचेल का? पोचणं अशक्य असेल तर पोक करून पोचा, पण रिपोर्टात तसं सांगा.

सगळ्यात जास्त बग मात्र मला एका साध्या जागी सापडले आहेत: दुसऱ्या डावात. एका कोड्यांच्या गेममध्ये तळघराचं दार लाल किल्लीने उघडायचं होतं. पहिला डाव हरलो, मेनूतून नवा डाव सुरू केला, खाली गेलो तर दार सताड उघडं. किल्ली मात्र वर आपल्या जागी. उघडलेल्या दारांची यादी नव्या डावाच्या सुरुवातीला पुसायची राहिली होती. करणाऱ्याला हे महिनोनमहिने दिसलं नव्हतं, कारण तो प्रत्येक बदलानंतर गेम नव्याने लोड करून तपासायचा. म्हणून लोड न करता सलग तीन डाव खेळा: एक लगेच हरून, एक अर्ध्यात सोडून, एक शक्य तितका पुढे नेऊन.

शेवटी मेनू तसाच चालू ठेवून जेवायला जा. तासाभराने परत आल्यावर पडद्यावर कचरा किंवा सुरुवातीचा कॉपीराइट संदेश दिसला तर स्टॅक (परतीचे पत्ते ठेवायची मेमरी) कुठेतरी गळतोय.

तपासा: स्प्राइटचा रंग शेजारच्या चौकटीत सांडतोय? स्पेक्ट्रमवर आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग बसतात. ते यंत्राचं बंधन आहे, बग नाही. पण हिरो पुढे गेल्यावरही तो रंग मागे राहत असेल तर तो बग.

## टप्पा ७: मॉडेल बदला

आता तोच गेम वेगळ्या मॉडेलवर. क्रम असा: १२८के, मग प्लस २ए किंवा प्लस ३. करड्या प्लस २चं काम १२८केच्या चाचणीत जवळजवळ होऊन जातं, आणि प्लस २ए म्हणजे डिस्क ड्राइव्ह काढलेला प्लस ३. पेंटॅगॉनसारखे पूर्व युरोपातले क्लोन करणाऱ्याने यादीत लिहिले असतील तरच.

फरक पडतो तो मुख्यतः वेळेमुळे. ४८केवर एक फ्रेम ६९,८८८ टी-स्टेटची (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), १२८केवर ७०,९०८ची, पेंटॅगॉनवर ७१,६८०ची. यूएलए पडदा रंगवत असते तेव्हा १६३८४ ते ३२७६७ या मेमरीत काम करणाऱ्या प्रोसेसरला ताटकळावं लागतं. १२८केवर १, ३, ५, ७ या बँका अशा ताटकळवणाऱ्या, प्लस ३वर ४ ते ७, आणि पेंटॅगॉनवर कुठलीच नाही. म्हणून एका मॉडेलवर जेमतेम वेळेत बसणारं काम दुसऱ्यावर बसत नाही.

टेस्टरने हे आकडे पाठ करायची गरज नाही. काय दिसतं ते ओळखता यायला हवं:

- पडद्याच्या वरच्या भागात स्प्राइट लुकलुकतो, खाली नाही. इंटरप्टनंतर (प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीच्या इशाऱ्यानंतर) पहिली ओळ रंगवायला सुरुवात होईपर्यंत ४८केवर १४,३३६ टी-स्टेट मिळतात. तेवढ्यात चित्र काढून झालं नाही की वरच्या ओळी अर्धवट दिसतात. रिपोर्टात पडद्याचा कुठला भाग ते नक्की लिहा.
- बॉर्डरमधल्या रंगांच्या पट्ट्या वरखाली होतात, किंवा चौकटीतले जादा रंग तिरके फुटतात. अशी तंत्रं टी-स्टेट मोजून लिहिलेली असतात, मॉडेल बदललं की मोजणी चुकते.
- प्लस ३वर गेम मेनूनंतर गोठतो. काही गेम तरंगत्या बसवरून, म्हणजे टप्पा ५ मधल्या त्याच यूएलएच्या बाइटवरून, पडदा कुठवर रंगलाय ते ओळखतात. प्लस २ए आणि प्लस ३वर ते वाचन तसं मिळत नाही आणि गेम कायमचा वाट बघत बसतो.
- पडद्यावर बर्फासारखे ठिपके. प्रोसेसरच्या आय रजिस्टरमध्ये ६४ ते १२७ मधला आकडा असेल तर ४८केवर हा बर्फ पडतो, १२८केवर मशीन कोसळूही शकतं. हे दिसलं तर इतर सगळ्याआधी कळवा.

खरं मशीन सगळ्यात शेवटी. पुण्यात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ऐंशीच्या दशकात परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम बनवला होता, त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या माळ्यावर अजून एखादा निघतो.

सावधान: मिळाला म्हणून लगेच प्लग लावू नका. मूळ ४८केचा अडॅप्टर ९ व्होल्ट डीसीचा आणि त्याच्या पिनचं मधलं टोक ऋण असतं. दुकानातल्या बहुतेक अडॅप्टरचं मधलं टोक धन असतं. उलटा लावलात तर आधी गेम तपासायचा की मशीनचं तेरावं घालायचं, एवढंच ठरवायचं उरेल. मल्टिमीटरने मोजा, मगच लावा. डीबी असो वा दुसरा क्लोन, मागची पट्टी वाचल्याशिवाय मूळ अडॅप्टरही जोडू नका.

फोनवरून टेपचा आवाज द्यायचा तर आवाज जवळजवळ पूर्ण, इक्वलायझर बंद, फोन फ्लाइट मोडवर. ब्लूटूथ नको, तारच हवी. लोड मध्येच तुटला तर तीनदा करा. तिन्ही वेळा त्याच जागी तुटला तर फाइलीवर संशय घ्या. दर वेळी वेगळ्या जागी तुटला तर तारेवर.

## टप्पा ८: बग रिपोर्ट लिहिणं

एक बग, एक रिपोर्ट. रिपोर्टमध्ये आधी मशीन, मग कृती, मग परिणाम. तळघराच्या दाराचा माझा रिपोर्ट असा होता:

> बिल्ड: ०७, टॅप फाइल, ४१,३०६ बाइट
> मशीन: ४८के, इश्यू ३, केम्पस्टन बंद, दुसरं काही जोडलेलं नाही
> लोड: रीसेटनंतर टेपवरून, पूर्ण वेळ
> कृती: १. लाल किल्लीने तळघराचं दार उघडा. २. सगळे जीव घालवा. ३. लोड न करता मेनूतून नवा डाव. ४. किल्ली न घेता तळघराकडे जा.
> झालं: दार उघडंच.
> व्हायला हवं: दार बंद.
> किती वेळा: ५ पैकी ५. १२८केवरही तसंच.
> सोबत: आरझेडएक्स, ३ मिनिटं. दार शेवटच्या दहा सेकंदांत.

"किती वेळा" ही ओळ गाळू नका. पाचपैकी पाच आणि पाचपैकी एक हे दोन वेगळ्या जातीचे बग असतात आणि त्यांचा शोधही वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. कारण माहीत नसेल तर अंदाज लिहू नका. लिहायचाच तर "अंदाज" असं म्हणून तळाशी.

पडद्याचं चित्र जोडताना लक्षात ठेवा, ६,९१२ बाइटच्या एससीआर फाइलीत बॉर्डर येत नाही. बॉर्डरचा बग असेल तर साधा स्क्रीनशॉट घ्या.

मतं वेगळ्या यादीत. "तिसरी लेव्हल अवघड आहे" हा बग नाही. पण "तिसऱ्या लेव्हलला मी १९ वेळा मेलो, त्यातले १४ त्याच कोळ्यापाशी" ही उपयोगी माहिती आहे, आणि त्याचं काय करायचं ते तो ठरवेल. गेम त्याचा आहे.

आणि रात्रभरात सुटे वीस निरोप पाठवू नका. गेम लोडच होत नाही किंवा पुढे जाताच येत नाही, एवढंच तातडीचं. बाकी सगळं दिवसाअखेर एकत्र, गंभीर आधी.

## टप्पा ९: नवं बिल्ड आलं की

इथे एक फसगत ठरलेली. बग दुरुस्त झाला का बघायला लोक आपली जुनी आरझेडएक्स चालवतात आणि कळवतात, "अजून तसाच आहे." तसाच असणार. त्या फाइलीत सुरुवातीचा स्नॅपशॉट जुन्या बिल्डचा आहे, म्हणजे कोडही जुनाच. मध्येच साठवलेल्या झेड८० फाइलीचंही तेच. नवं बिल्ड नेहमी टेपवरून लोड करा आणि कृती हाताने पुन्हा करा.

मग तीन गोष्टी तपासा: सांगितलेला बग गेला का, त्याच्या शेजारचं काही मोडलं का, आणि गेम अजून चारही वाटांनी लोड होतो का. दार बंद करायला गेलेल्या चौदा बाइटनी मागचं काहीतरी पुढे ढकललेलं असतं, आणि नेमकं तेच कुठल्यातरी ठोकून लिहिलेल्या पत्त्यावर असतं.

## टप्पा १०: गेम बाहेर पडल्यावर

चाचणी संपली तरी मदत संपत नाही, आणि इथेही लोक चांगल्या मनाने वाईट करतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे फाइल स्वतःकडून वाटणं. गेमचं डाउनलोडचं पान दाखवा, फाइल देऊ नका. करणारा आठवड्याने दुरुस्त बिल्ड चढवतो आणि तुमच्या गटात मात्र बग असलेलंच फिरत राहतं.

"हवे तेवढे द्या" या बोलीवर गेम ठेवला असेल तर थोडेसे का होईना, द्या. भारतातून परदेशी व्यवहार अडला तर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय ऑनलाइन वापर चालू आहे का बघा. बहुधा तिथेच घोडं अडलेलं असतं. कॅसेट मागवणार असाल तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. आल्यावर दोन्ही बाजू लोड करून बघा. लोड होत नसेल तर तक्रारीआधी दुसरी एखादी चालणारी कॅसेट त्याच प्लेअरवर लावा. तीही अडली तर हेडचा कोन सरकलाय, बारीक पेचकसाने हेडशेजारचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून आवाज सगळ्यात खणखणीत येईल तिथे थांबा.

मराठीत सूचना लिहून देतो म्हणालात तर आनंदच, पण त्या वेगळ्या कागदावर द्या. गेमच्या आत मराठी बसवायचा उत्साह आला तर आठवा की बेसिकमध्ये स्वतःची अक्षरं काढायला २१ जागा आहेत, १२८केवर त्यातल्याही दोन जातात. जोडाक्षरांचं पुढे बोलायलाच नको.

शेवटचं काम टेस्टरशिवाय सहसा कुणी करत नाही: बाहेर पडलेल्या अंतिम बिल्डवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पोक न वापरता एक डाव पूर्ण करा, त्याची आरझेडएक्स करणाऱ्याला पाठवा आणि सोबत खोल्यांचा हाताने काढलेला नकाशा जोडा. त्या नकाशावर दारांपाशी बिल्ड क्रमांक मात्र लिहू नका. मी लिहिला होता, आणि खेळणारे कितीतरी दिवस तो कुलपाचा आकडा समजून दाबत होते.